नजर मजकुरावर

मंगळवारी सकाळी भोपळा चिरताना प्रणिता वानखडेच्या उजव्या तर्जनीला विळी लागली आणि इतकी वर्षं नाकासमोर चालत आलेल्या तिच्या आयुष्याची घडी विस्कटली ती तिथून. जखम फार मोठी नव्हती. तिनं हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि रोजच्यासारखी टायपिंग केंद्रावर जाऊन बसली. पण चिंधीमुळे जाड झालेलं बोट कळीवर धड बसेना. अक्षर उमटतंय की नाही हे पाहायला तिनं मान उजवीकडे वळवली. नोकरीला लागल्यापासून ती पहिल्यांदाच उजवीकडे बघत होती.

स्क्रीनच्या डाव्या बाजूला मूळ मजकूर असायचा, कुठल्याशा अधिकाऱ्यानं बॉलपेननं खरडलेला. उजव्या बाजूला तिच्या बोटांखालून उतरलेली टंकलिखित प्रत. त्या दिवशी डावीकडे लिहिलं होतं: 'गुरुवारी या टाकीखाली बाजार भरतो. आग्नेयेकडील खांबाची सळई गंजून उघडी पडली असून तडा वरपर्यंत गेला आहे. तडा दिसू नये म्हणून त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला आढळला. टाकी कोणत्याही क्षणी कोसळू शकते. तात्काळ रिकामी करावी व बाजार हलवावा.'

आणि उजवीकडे उतरलं होतं: 'गुरुवारी परिसरात बाजार भरतो. आग्नेयेकडील खांबाची किरकोळ दुरुस्ती अपेक्षित आहे. टाकीची पाहणी प्रस्तावित असून तूर्त स्थिती निरीक्षणाखाली ठेवावी.'

प्रणितानं दोन्हीकडचं पुन्हा पुन्हा वाचलं. डावीकडचं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, उजवीकडचं तिच्याच बोटांनी लिहिलं होतं, आणि मधे काय झालं याचा तिला पत्ता नव्हता. 

हे टायपिंगचं काम सावरखेडसारख्या आडवळणाच्या तालुक्याला आलं कसं, ते आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका यंत्रानं स्वतःच्या मनानं सरकारी निर्णय लिहून टाकला आणि तो अमलातही आला. त्यावर मोठा गहजब झाला. मग कायदा झाला की सरकारचा प्रत्येक कागद माणसाच्या बोटांतून गेला पाहिजे आणि त्याखाली त्या माणसाचं नाव पाहिजे. एवढी बोटं राजधानीत कुठून आणायची? तिथं बसायला जागा नाही आणि राहायला घर नाही. म्हणून मंत्रालयातलं टायपिंग गाठोडी बांधून गावोगाव पाठवायचं ठरलं. जिथं टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास झालेल्या बाया घरी बसल्या होत्या, तिथं केंद्रं निघाली. गुप्तता राहावी म्हणून फाईलचे तुकडे करत. एका टेबलावर चारपाच ओळींचा तुकडा, त्यातल्या गावांच्या आणि माणसांच्या नावांवर काळी पट्टी. कुठली फाईल, कुठलं गाव, कुणाला काही कळत नसे.

काम माणसानंच केलं याची खात्री पटवायला प्रत्येकीच्या दोन्ही मनगटांवर पट्टा असायचा. बोट हलण्याआधी मेंदूचा निरोप नसांतून हाताच्या स्नायूंत उतरतो, तो अगदी बारीक विजेच्या रूपात. पट्टा तो निरोप वाचायचा. पुढे पट्ट्याला आणखी एक कला आली. बोट चुकीच्या कळीकडे निघालं, की तो उलट एक बारीकसा प्रवाह सोडून त्याला अडवायचा, फिजिओथेरपीवाले आखडलेल्या खांद्याला देतात तसा, पण त्याहून कितीतरी सौम्य. चूक होण्याआधीच सुधारायची. या भागाला कंपनी 'सुधारक' म्हणायची. पहिल्या दिवसांत मुंग्या आल्यासारखं व्हायचं, नंतर तेही कळेनासं झालं. मेंदूची गंमत अशी, की जे बोट अपेक्षित वेळेला हलतं ते आपणच हलवलं असं तो बेलाशक मानून टाकतो. दुसऱ्यानं हलवलेलं बोटही तो आपल्या नावावर मांडून घेतो.

उजवीकडे न बघण्याचं कारण मात्र यंत्र नव्हतं. ते केंद्रप्रमुख ठोसर सर होते. केंद्र निघायच्या आधी सर गावात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचे आणि केंद्रातली जवळजवळ प्रत्येक बाई त्यांच्याच हाताखालून गेलेली होती. शिकवताना सर मुलींच्या हातांवर टॉवेल टाकायचे. "नजर मजकुरावर," एवढंच म्हणत फिरायचे. कळ बघायची नाही, उतरलेलं बघायचं नाही. मजकूर डोळ्यांनी आत घ्यायचा आणि बोटांनी बाहेर सोडायचा, मधे डोक्याला तसदी द्यायची नाही. जी मान वळवेल तिचा स्पीड पडला. हे वळण इतकं पक्कं बसलं होतं, की साठ बाया साठ स्क्रीनसमोर वर्षानुवर्षं बसल्या, पण आपल्या हातून काय उतरतंय ते एकीनंही कधी पाहिलं नाही.

प्रणितानं उजवीकडचं शेवटचं वाक्य पुसलं. या वेळी तिनं मुद्दाम एकेक अक्षर पाहत टाइप करायला घेतलं. 'टाकी को' इथवर ठीक होतं. पुढच्या कळीवर जाताना हाताच्या आतून काहीतरी हळूच ओढल्यासारखं झालं. बोट उचललं गेलं, शेजारचं खाली आलं आणि स्क्रीनवर पाहणी उमटली, प्रस्तावित उमटलं. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं तरी बोटं चिंधीसकट कळीवर नाचतच राहिली. आपलाच हात बघून माणसाची पाचावर धारण बसावी, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं खरं मानलं नसतं.

तिनं तुकडा पाठवला नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवायची सोय होती, तसा ठेवला, आणि ठोसर सरांना बोलावलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून डावीकडचं वाचलं, मग उजवीकडचं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"उजवीकडे कशाला पाहिलं तू?" ते हळू आवाजात म्हणाले.

"सर, हे मी नाही लिहिलं."

"तुझ्याच बोटांनी लिहिलं. पट्ट्यात नोंद आहे. कायद्यानं ते तुझंच."

"पण असं कसं होऊन राहिलं सर?"

सर शेजारच्या खुर्चीत बसले. "कंपनीचा माणूस आला होता मागे. म्हणाला, सुधारकाला सरकारच्या जुन्या फायली वाचायला दिल्या. कच्चा मसुदा काय होता, वरून कितीदा परत आला, शेवटी मंजूर काय झालं, सगळं. कुठला मजकूर परत येतो आणि कुठला बिनबोभाट पुढे जातो, हे त्याला कळतं आता. म्हणे, मजकूर शेवटी जसा होणारच आहे तसा पहिल्यांदाच उतरला तर फेऱ्या वाचतात. तुमच्या केंद्राची एकही फाईल परत येत नाही, असं म्हणून माझं कौतुक करून गेला." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मला वाटलं, माझ्या पोरींच्या हाताला वळण चांगलं आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"वाक्य नीटनेटकं करत असेल एवढंच वाटलं होतं. हे नाही माहीत." पण बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. "कुठली टाकी आहे कुणास ठाऊक. राज्यात हजार टाक्या असतील. पाठवून दे आणि विसरून जा."

प्रणिताला ते विसरता येईना, कारण सावरखेडचा बाजारही गुरुवारी भरायचा, तोही पाण्याच्या टाकीखाली. आणि त्या टाकीखाली, नेमकी आग्नेयेच्या खांबापाशी, तिची माय मिरच्या विकायला बसायची.

केंद्र सुटल्यावर ती घरी न जाता टाकीकडे गेली. ऊन अजून होतं. बाजार नसल्यामुळे टाकीखाली दोनचार कुत्री आणि वाळलेला भाजीपाला तेवढा पडलेला. आग्नेयेच्या खांबाला कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सुतळीनं आवळून बांधला होता. हा फ्लेक्स तिनं शेकडो वेळा पाहिला होता, त्यावरच्या माणसाचं हसूदेखील पाठ झालं होतं. तिनं एका बाजूची सुतळी सोडली आणि फ्लेक्स उचलून आत पाहिलं.

आत सिमेंट उरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. तांबूस, फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या सळया दिसत होत्या आणि त्यांच्या कडेनं निघालेला तडा वर टाकीच्या बुडापर्यंत गेला होता. तिनं त्यावर तळहात ठेवला. वर भरलेल्या टाकीतून कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता.  ती तिथून जवळजवळ पळतच घरी आली.

माय अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. प्रणितानं सगळं सांगितलं, हात, पट्टा, फ्लेक्स, सगळं. मायला अर्धंच कळलं, पण जे कळायचं ते नेमकं कळलं.

"म्हंजे टाकी पडते म्हन."

"पडू शकते. तू परवाच्या दिवशी नको जाऊ."

"अन् बाकीच्या?" मायनं देठाचा ढीग बाजूला सारला. "शांता बसते, चुडीवाली बसते, लेकरं घिऊन बसतात साऱ्या. मी घरी बसू अन् त्याईले बसू देऊ? मंग बाजारात तोंड कसं दाखवू मी?"

"माय, तुला काही झालं तर?"

"तर तू सरकारात काम करतं ना, सांग त्याईले. बाजार हलवा म्हना. हलवला तर मी बी हलतो. न्हाई तर मी हाय तिथंच बसतो." आणि माय पुन्हा देठं खुडायला लागली. मायनं एकदा असं म्हटलं, की पुढे बोलण्यात अर्थ नसे.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषद उघडायच्या वेळी प्रणिता दारात उभी होती. पाणीपुरवठ्याचं काम बघणारे भोयर भाऊ तिच्या ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा मागे वळून दार लोटलं आहे ना ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, खांबाचं मले माहीत आहे. समद्याईले माहीत आहे. पण टाकी रिकामी करा म्हणून वरून कागद नाही, अन् कागदाबिगर मी व्हॉल्व सोडला तर माझी नोकरी जाते. तुम्ही लेखी द्या. मी सायबांच्या टेबलावर ठेवतो."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. प्रणितानं मनगटाकडे पाहिलं. पट्टे केंद्रावरच्या खणात होते, हात मोकळे होते. तिला जरा धीर आला. तिनं अर्जाचा मायना लिहिला, विषय लिहिला आणि मग लिहिलं: 'टाकी को'.

पेन तिथंच थांबलं. पुढचं अक्षर तिला माहीत होतं, डोक्यात स्पष्ट दिसत होतं, पण हात तिकडे वळेना. तिनं जोर लावला. पेन हललं, आणि आधीच्या अक्षरावर काट मारून आपल्या लफ्फेदार वळणात लिहून गेलं: 'टाकीची पाहणी व्हावी, ही विनंती.' त्यानंतर तिनं तीन कागद फाडले. चौथ्या कागदावरही तेच. घामानं पेन हातातून निसटायला लागलं. नऊ वर्षं रोज आठ तास पट्ट्यानं बोटांना एका वाटेनं चालवलं होतं. आता पट्टा नसला तरी बोटं त्याच वाटेनं चालत होती. बैलगाडी रिकामी असली तरी चाकोरी सोडत नाही तसं.

भोयर भाऊंनी चौथा कागद उचलून वाचला आणि त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. "हे बराबर आहे. पाहणी प्रस्तावित करतो मी."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. बोलून ऐकणारं कुणी नव्हतं, लिहायला गेलं तर हात आपला राहिला नव्हता आणि दिवस उजाडला की माय त्या खांबापाशी जाऊन बसणार होती. तिला रडू आलं आणि ती रडली. पण रडता रडता एक विचार डोक्यात शिरला. वरून जे परत येईल, ते हाताला लिहिता येत नाही. मग जे कधीच परत येत नाही, ते लिहिलं तर? बाजार हलवा, टाकी रिकामी करा, असं म्हणणारा आणि कुणी कधीही न अडवलेला कागद तिनं टाइप केला होता का? केला होता. शेकड्यांनी केले होते.

केंद्रावर जाऊन तिनं पट्टे बांधले आणि राखून ठेवलेला तुकडा उघडला. ठोसर सर मागे येऊन उभे राहिले. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. "मी चहा पिऊन येतो," एवढं म्हणून ते बाहेर गेले.

तिनं उजवीकडचा मजकूर पुसला आणि डावीकडे ढुंकूनही न बघता टाइप करायला घेतलं: 'मान्यवरांच्या प्रस्तावित दौऱ्याच्या अनुषंगाने, परिसराच्या सुशोभीकरणासाठी टाकी तात्काळ रिकामी करून रंगवून घ्यावी व गुरुवारचा बाजार अन्यत्र हलवावा.' एकही बोट अडलं नाही. उलट बोटं तिच्या पुढे धावत होती, शब्द तिला सुचायच्या आत उमटत होता. खोटं इतक्या सफाईनं हातून उतरलेलं पाहून तिला कालच्यापेक्षाही जास्त भीती वाटली. पण तिनं तुकडा पाठवला. खाली आपोआप उमटलं, 'टंकलेखन प्रमाणित: प्रणिता वानखडे'.

दौऱ्याचे कागद कुणी तपासत नसे, ते सरळ पुढे जात. जेवणाच्या सुट्टीच्या आत नगरपरिषदेत फोन वाजले. दुपारी भोयर भाऊंनी व्हॉल्व सोडला आणि टाकीतलं पाणी नाल्याला लागलं. संध्याकाळी दवंडीची रिक्षा फिरली, की उद्याचा बाजार शाळेच्या मैदानावर भरेल. कोण मान्यवर येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण येणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. गुरुवारी प्रणितानं मैदानावर चिंचेच्या सावलीत बसलेल्या मायला लांबून पाहिलं आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. तिच्या छातीवरचा दगड उतरला होता.

नंतरचे दिवस तिनं रोज टाकीवरून चक्कर मारली. रंगवायचं म्हणजे फ्लेक्स काढावाच लागणार, तडा उघडा पडणार, कुणीतरी बोंब मारणार, अशी तिची अटकळ होती. फ्लेक्स निघालाही. कंत्राटदाराच्या माणसानं तडा पाहिला, फोनवर कुणाशी तरी बोलला, मोबाइलवर फोटो काढला. प्रणिता रस्त्यापलीकडून बघत होती. मग त्यानं घमेल्यात माल कालवून तड्यात भरला, थापीनं सारखा केला आणि वरून आकाशी रंगाचे दोन हात मारले. खांब नव्यासारखा झाला. तडा कुठे होता हे आता तिलाही बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

तरी टाकी रिकामी आहे, रिकामी टाकी कशाला पडते, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. बुधवारी संध्याकाळी माय खुशीत घरी आली.

"उद्या कारेक्रम हाय टाकीखाली. मंडप टाकला, खुर्च्या आनल्या. बाजारातल्या साऱ्या बाया बसनार. मले पयल्या रांगेत बसवते म्हने, सगळ्यात जुनी म्हनून." मायनं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून झटकायला घेतलं.  पाणी तर नाही ना, एवढंच प्रणिता स्वतःला म्हणत होती.

गुरुवारी सकाळी तिच्या टेबलावर पहिलाच तुकडा आला तो हातानं लिहिलेला नव्हता. दौरा म्हटला की पुढे काय काय येतं, हे सुधारकाला जुन्या फायलींतून तोंडपाठ होतं. तिनं एक खोटं लिहिलं होतं, त्यानं त्याचा सगळा संसार मांडून दिला होता. 'कार्यक्रम टाकीखालील मंडपात होईल. जलपूजनासाठी टाकी सकाळीच पूर्ण क्षमतेने भरून घ्यावी. बाजारातील विक्रेत्या महिला व शाळांतील विद्यार्थी मंडपात उपस्थित राहतील.' माणसाच्या बोटांतून एकदा गेला की हा हुकूम झाला असता.

तिनं हात वर उचलून धरले. तरी हवेत बोटं चालायला लागली. तिनं दातानं पट्ट्याचं बक्कल ओढलं, दोन्ही पट्टे जमिनीवर फेकले आणि उभी राहिली.

"सर, हा तुकडा मी करणार नाही. कुणाकडूनच करवून घेऊ नका. टाकी भरली तर पडेल ती."

ठोसर सर तिच्या स्क्रीनपाशी आले. हा तुकडा तातडीचा होता, राखून ठेवता येणारा नव्हता; कोपऱ्यात उरलेला वेळ दाखवणारी लाल रेघ आखडत चालली होती. "तू नाही केलास तर तो इथं थांबत नाही, प्रणिता," ते म्हणाले. "दुसऱ्या केंद्राकडे जातो. कुठल्या, ते मलाही नाही दिसत." रेघ संपली आणि स्क्रीन कोरी झाली. "गेला."

"बायांनो, उजवीकडे बघा," प्रणिता हॉलकडे वळून म्हणाली. "एकदा उजवीकडे बघा, आपण काय लिहितोय ते." तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. एकदोघींची मान किंचित हलली. पण वळली नाही एकीचीही, आणि बाकी साऱ्या जणींच्या कळींचा आवाज तसाच चालू राहिला.

ती जिना उतरली तेव्हा कुठल्याशा दूरच्या गावात, तिच्यासारख्याच एखाद्या बाईनं, नजर मजकुरावर ठेवून तो तुकडा टाइप केलेला होता. कारण पंपहाऊसची मोटर सुरू झाली होती. सगळ्या गावाला ओळखीची ती घरघर ऐकत ती टाकीकडे धावली.

मंडप भरत आला होता. शाळेची मुलं अजून वाटेत होती, पण बाया आल्या होत्या, पिशव्यांसकट, तान्ह्या लेकरांसकट. आकाशी रंगाचे खांब उन्हात चकाकत होते आणि वर टाकीत धो धो पाणी पडत होतं. पहिल्या रांगेत, आग्नेयेच्या खांबाला लागूनच, लुगड्याचा पदर सारखा करत माय बसली होती.

"माय, ऊठ."

"काय झालं व?"

प्रणितानं सांगायला तोंड उघडलं. "माय, टाकीची... टाकीच्या स्थितीबाबत..."  एवढ्या वर्षांच्या मजकुरानं बोटं तर नेलीच होती, आता तो जिभेलाही येऊन चिकटला होता. ती नुसती मायसमोर उभी राहिली आणि तिचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

मायनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हातांकडे पाहिलं. दाही बोटं एकेक करून हवेत आपटत होती, कुणीतरी दोऱ्यांनी ओढावी तशी. मायनं तो उजवा हात आपल्या हातात घेतला. मिरच्यांनी चरबरीत झालेल्या त्या तळव्यावर बोटं टकटक करतच राहिली. मायच्या चेहऱ्यावरची खुशी गेली. 

"चला वं," ती उठून मागच्यांना म्हणाली. "शांता, ऊठ. लेकरू घे. चला साऱ्या रस्त्यावर."

"अवं पन कारेक्रम?"

"मी म्हनतो म्हनून चला."

बाजारात मायचा शब्द चालायचा. कुरकुरत, पिशव्या सावरत बाया उठल्या. रस्त्यापलीकडे जाऊन त्या घोळक्यानं उभ्या राहिल्या आणि मंडपात रिकाम्या खुर्च्या तेवढ्या उरल्या. लांबून मुलांची रांग येत होती, त्यांच्या बाईंना मायनं हातानंच तिथं थांबवलं. उन्हात बराच वेळ गेला. टाकीच्या वरच्या नळीतून पाण्याची पहिली धार बाहेर पडली, म्हणजे टाकी काठोकाठ भरली होती.

स्टेजवरचा निवेदक गोंधळला. त्याच्या हातात नुकताच आलेला कागद होता. त्यानं माइक जवळ घेतला आणि कागदाकडे बघत वाचायला लागला: "माताभगिनींनी मंडपात येऊन आसनस्थ व्हावं. टाकी सुस्थितीत आहे. पुन्हा सांगतो, टाकी सुस्थितीत आहे."

टाकीविषयी त्याला कुणी काहीच विचारलेलं नव्हतं.

 मग छापील कागदावरचं ऐकल्यामुळे की काय, शांतानं लेकरू खांद्यावर सारखं केलं आणि ती मंडपाकडे निघाली. तिच्या मागोमाग आणखी दोघी निघाल्या. प्रणिताच्या घशात वाक्य अडकलं होतं. तिनं डोळे मिटले आणि सगळं अंग पणाला लावून एकेक शब्द बाहेर ढकलला.

"शांताकाकू, टाकी पडते. जाऊ नका."

शांता रस्त्याच्या मधोमध थांबली. मागे वळून तिनं प्रणिताकडे पाहिलं, मग वर टाकीकडे, आणि लेकराला छातीशी धरून ती परत फिरली. तिच्यामागच्या दोघीही फिरल्या.  मायनं प्रणिताचा हात अजून सोडलेला नव्हता, आणि त्या मुठीत बोटं चालूच होती, शांतपणे, सफाईनं, एकही चूक न करता: टाकी सुस्थितीत आहे, टाकी सुस्थितीत आहे.